भाव, भाकीत आणि पैज

आजचा विषय अंदाजबाजार, म्हणजे इंग्रजीत ज्यांना प्रेडिक्शन मार्केट म्हणतात ते. काल्शी आणि पॉलीमार्केट या अमेरिकन कंपन्यांची नावं आपण वाचली असतील. तिथे 'अमुक घटना घडेल का?' या प्रश्नाचा 'हो' किंवा 'नाही' विकत घेता येतो. घटना घडली तर 'हो'वाल्याला एक डॉलर, नाहीतर शून्य. 'हो'चा भाव ६२ सेंट असेल तर बाजार सांगतो, शक्यता ६२ टक्के.

हा जुगार नाही का, असं विचारलं की समर्थक म्हणतात, छे, हे तर ज्ञान! आम्ही हा दावा हसण्यावारी नेणार नाही. पूर्वपक्ष नीट मांडावा, ही आपली जुनी शिस्त आहे. समाजातलं ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेलं असतं आणि बाजारभाव ते एकत्र आणतो, असं हायेक यांनी १९४५ साली मांडलं. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली अध्यक्षीय निवडणुकीवर असा छोटा बाजार चालवून पाहिला. पुढे त्याचे अंदाज पुष्कळदा जनमत चाचण्यांपेक्षा सरस निघाले. तिथे एका माणसाला ५०० डॉलरची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता आमचं म्हणणं. खरं ठरलेलं मत म्हणजे ज्ञान नव्हे, त्याला कारण लागतं. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, असं म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. बाबा रे, तो धूर नाही, धुकं आहे, असं त्याला दाखवता येतं. पण ६२ सेंटांना 'का?' असं कसं विचारणार? भावाशी वाद घालायचा तर उलट बाजूने पैसे लावायचे, म्हणजे ज्याचा खिसा मोठा त्याचा युक्तिवाद मोठा. शिवाय आतली बातमी असलेला माणूस उतरला की भाव अधिक अचूक होतो आणि समोरचा अधिक नाडला जातो. हे कसलं सत्यशोधन!

मग विमाही जुगारच का, असा प्रश्न येईल. चांगला प्रश्न आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक खरोखरच परक्या माणसांच्या आयुष्यावर विमा उतरवून पैजा मारत. १७७४ साली तिथल्या संसदेने कायदा केला : ज्याच्या जगण्यात तुमचं हित गुंतलेलं नाही, त्याचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही. भेद इथे आहे. विम्यात जोखीम आधीच असते, करार मागून येतो. पैजेत करारच जोखीम जन्माला घालतो.

कापूस पिकवणाऱ्याने भाव पडण्याच्या भीतीने वायदा केला, तर ती विम्याच्या जातीची गोष्ट. पण न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या भावांवर आकडे लावणाऱ्यांच्या घरी कापसाचं बोंडही नव्हतं. १९६१च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाले. खेळ थांबला का? मुळीच नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटका हे नाव रुळलं. माहिती गेली, तरी खेळणाऱ्यांचं काही अडलं नाही.

आम्हाला ही कसोटी पुरेशी वाटते. काल्शीवरच्या उलाढालीत आज मोठा वाटा खेळांच्या सामन्यांचा आहे. रविवारी कोण जिंकणार याची टक्केवारी कळून कोणाचा कोणता निर्णय सुधारतो? नेवाडा आणि न्यू जर्सी ही राज्यं म्हणतात, हा सट्टाच आहे, आमच्या कायद्याखाली या. कंपनी म्हणते, आमच्यावर केंद्राच्या वायदे आयोगाची देखरेख आहे. वाद अधिकारक्षेत्राचा, मूळ प्रश्न तसाच पडून.

आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि कौशल्य की नशीब, हा घोळच बाजूला सारला. 'हो-नाही'वर पैसे लावून घेणारी ॲप्स त्यामुळे बंद पडली. शेअर बाजारातले वायदे आणि ऑप्शन मात्र चालू आहेत. त्यांना हीच कसोटी लावली तर काय दिसतं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.