जीवाणू विष संपवतात, पण कसे?

राज्य मंडळाचे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे पाठ्यपुस्तक २०१८ साली आले. त्याच्या दुसऱ्या भागात ‘ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची’ हा पाठ आहे. पीईटी प्लॅस्टिकचे विघटन करणाऱ्या इडिओनेला साकाएन्सिस या जीवाणूचा शोध २०१६ सालचा. तो दोनच वर्षांत खेड्यातल्या वर्गापर्यंत पोचला, याबद्दल पुस्तकाचे कौतुक केलेच पाहिजे.

तक्रार वेगळी आहे. तेलाचा तवंग, प्लॅस्टिक, युरेनियम यांच्यापुढे जीवाणूंची नावे येतात, ‘कसे?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्रोटक राहते. वास्तविक त्याच पाठात विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर, स्वतंत्र भाग आहे. हे दोन भाग जोडायला हवे होते. साकाएन्सिसचे एक विकर पाण्याच्या साहाय्याने पीईटीची लांब साखळी तोडते. दुसरे विकर त्या तुकड्यांतून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल सुटे करते. हेच जीवाणूचे अन्न!

विकर असले तरी परिस्थिती अनुकूल लागते. खनिज तेलात कार्बन भरपूर, पण जीवाणूंच्या वाढीला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस फारच कमी. म्हणून १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तिथल्याच जीवाणूंसाठी खत टाकावे लागले. युरेनियमची गोष्ट तर निराळीच. ते मूलद्रव्य आहे; कोणतेही विकर त्याचे तुकडे करू शकत नाही. जिओबॅक्टर त्याचे विद्राव्य क्षार अविद्राव्य करतो. विष जागीच राहते, फक्त भूजलात पसरत नाही. हा फरक ठळक केला नाही, तर विद्यार्थी सगळ्यालाच ‘नष्ट होणे’ समजतो.

वेगाचाही उल्लेख हवा. प्रयोगशाळेत ३० अंश सेल्सिअसला पीईटीचा पातळ, कमी स्फटिकी पापुद्रा संपायला सुमारे सहा आठवडे लागले. बाटलीचे प्लॅस्टिक अधिक स्फटिकी असते, त्याला याहून कितीतरी वेळ लागतो. हे न सांगितल्यास ‘कचरा टाका, जीवाणू आहेतच’ असा धडा मुले घेतील. परीक्षेतील जोड्या जुळतील, पण समज चुकीची राहील.

ही उणीव शिक्षक भरून काढू शकतात. मुळशीतल्या चांद्यासारख्या गावी शेतातली माती हाताशी आहे. दोन पेल्यांत सारखी ओली माती घ्या. त्यांपैकी एकीतली आधी तव्यावर चांगली तापवून, थंड करून पुन्हा ओली केलेली असावी. दोन्हींत औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सारखेच घाला. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका. न तापवलेल्या मातीत फेस जास्त येतो का, ते पाहा. कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. उष्णतेने ते निकामी होते. तापवलेल्या मातीतही थोडे बुडबुडे येतील, कारण मँगनीजची खनिजेही हीच क्रिया घडवतात. ते का येतात, हे मुलांनाच विचारा. खरा पाठ तिथून सुरू होईल.