तुम्ही कोणाकडे आलात?

मंडळी, ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. आज त्याची कसोटी घेऊ, आणि ती ग्रंथात नाही, सांगली-साताऱ्याच्या लेआउटमध्ये.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. आपली दोन्ही शहरं तिच्याखाली येतात. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठं लेआउट पाडलं की १० टक्के जागा मोकळी सोडायची. नियम चांगला आहे. तो नसता तर तेवढीही उरली नसती. पण शब्दाला शब्द लावून वाचायची माझी जुनी खोड, तिथं अडलो. जागा किती, ते नेमकं लिहिलंय. वापर कोणाचा? रहिवाशांचा, सामाईक. आता सामाईक म्हणजे सार्वजनिक नव्हे हो! वडिलोपार्जित विहीर चार भावांची सामाईक असते, वाटसरूला पाणी मिळेलच असं नाही.

मग सार्वजनिक जागा कोणती? जिथं ‘कोणाकडे आलात?’ असं कुणी विचारत नाही, ती. सांगलीचं गणपती मंदिर पटवर्धनांनी बांधलं, आजही ते सरकारी नाही. पण आवारात टेकायला कुणी नाव-गाव विचारत नाही. साताऱ्यात राजवाड्यासमोर गांधी मैदानावर बसतो, तेव्हा वाडा कोणाचा हा विचार तरी मनात येतो का? म्हणजे मालकी खाजगी आणि वावर सगळ्यांचा, हे आपल्याला परकं नाही. आपण ते नियमात मात्र आणलं नाही.

न्यूयॉर्कनं आणलं. १९६१ पासून तिथं बिल्डरला जादा बांधकाम मिळे, बदल्यात चौक लोकांना खुला ठेवायचा. २००० साली अशा ५०३ जागांची पाहणी छापून आली, तर ४१ टक्के जवळजवळ निरुपयोगी! तरी मी म्हणेन, त्यांना हिशेब मागता आला, कारण हक्क लिहिलेला होता. आपल्याकडे मागायचा तो कशाच्या आधारावर?

शिवाय नकाशा मंजूर झाला की पुढं काय? प्लॉट विकले जातात, विकसक निघून जातो, सोसायटी कधी होते, कधी होत नाही. झाडांना पाणी घालणारा कोणी नाही. मग कुणी गाडी लावतो, कुणी शेड टाकतो. शेड एकदा पडली की ती निघत नाही, हे तुम्हीही पाहिलंय. माझी मागणी छोटी आहे: प्रवेश कोणाला, किती वाजेपर्यंत आणि देखभाल कोणाची, हे मंजुरीच्या वेळीच ठरवा आणि फाटकावर मराठीत लिहा.

हे मी साळसूदपणे सांगतोय असं समजू नका. आमच्या सोसायटीनं आपल्या मोकळ्या जागेला कुलूप घातलं. कारण काय, तर पलीकडच्या वस्तीतली मुलं खेळायला येत. त्या ठरावावर माझी सही आहे. मुलं आता रस्त्यावर खेळतात. चेंडू आत आला की फाटकाशी येऊन उभी राहतात, आणि आमच्यापैकी कुणीतरी उठून तो बाहेर टाकतो.