‘फास्टर फेणे’ : जुना वाचक आणि बदलता नायक

भा. रा. भागवत (1910–2001) यांनी मराठी मुलांना ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा दिल्या आणि फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. व्हर्नचे नायक यंत्राच्या बळावर निघतात. हा किडकिडीत मुलगा सायकल, कुतूहल आणि ‘ट्टॉक’ एवढ्याच सामग्रीवर निघतो. पुस्तके, ऐंशीच्या दशकातील दूरदर्शन मालिका (सुमीत राघवन) आणि 2017 चा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट (अमेय वाघ) अशी त्याची वाटचाल आहे. या वाटचालीत जुन्या वाचकाचे नायकाशी असलेले नाते कसे पालटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या वाचकाची पहिली तक्रार वयाची असते. अर्ध्या चड्डीतला बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण कसा झाला? अशी तक्रार मराठीपुरती नाही. ‘स्टार वॉर्स’च्या 1997 च्या सुधारित आवृत्तीत आधी गोळी कोणी झाडली, हा क्रम बदलताच जुने प्रेक्षक संतापले होते, आणि तो बदल तर खुद्द निर्मात्याने केलेला होता. तथापि वयाचा आक्षेप फारसा टिकत नाही. वाचक स्वतः चाळिशी ओलांडतो आणि नायकाने मात्र विद्याभवनच्या वसतिगृहातच राहावे अशी अपेक्षा धरतो; तो जपत असतो ते स्वतःचे बालपण.

खरी हानी निवेदकाची आहे. भागवतांचा निवेदक मुलांशी बरोबरीने बोलतो, मध्येच थांबतो, बन्याची फजितीही लपवीत नाही. माली, शरद, सुभाष ही मंडळी त्या आवाजामुळे घरची वाटतात. चित्रपटाने यावर एक युक्ती योजली आहे : खुद्द भागवतांनाच पात्र केले आहे. दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका गोड केली आहे, यात शंका नाही. परंतु सारी कथा ज्याच्या तोंडून यायची, तो येथे कथेतला एक प्रेमळ आजोबा होऊन बसतो. जुन्या वाचकाचे डोळे पाणावतात आणि त्याचा आक्षेप तेथेच विरतो. ही त्याची समजूत काढणे होय. त्याला उत्तर दिलेले नाही.

मात्र आळ्यासारख्या गावातून पाहिले असता चित्र निराळे दिसते. मूळ बन्या फुरसुंगीचा असला तरी त्याच्या धाडसांत शेतकरी घरातील मुलाची चिंता क्वचितच येते; प्रतापगड, गुलमर्ग हे त्याच्या सुट्टीचे प्रदेश. चित्रपटात परीक्षेच्या वेळी भेटलेला एक विद्यार्थी मृत आढळतो, ती आत्महत्या ठरवली जाते आणि फेणे प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. आळेफाट्यावरून बस पकडून पुण्याला शिकवणीसाठी जाणाऱ्या मुलाला हे रहस्य परके नाही. मे 2024 च्या ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका हजारीबाग व पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले, तेव्हा चित्रपटातील खलनायक अतिरंजित आहे हा आक्षेप घेणे अवघड झाले. शहरी जुन्या वाचकाने जो बन्या गमावला, तो ग्रामीण विद्यार्थ्याला प्रथमच आपला वाटू शकतो.

योगायोग असा की, ज्या ऑक्टोबर 2017 मध्ये चित्रपट आला त्याच महिन्यात फुरसुंगी पुणे महापालिकेत गेली. 2024 मध्ये ती उरुळी देवाचीसह वेगळी होऊन नगरपरिषद झाली. नायकाचे गावही मूळ जागी थांबलेले नाही. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी जेथे मानली जाते त्या आळ्याला एकच कथा प्रत्येक कीर्तनकाराकडून नव्याने ऐकण्याची सवय आहे. तेथे श्रोता बदल मोजत बसत नाही, कथा रंगली की नाही हे पाहतो.

या कसोटीवर चित्रपट उत्तरार्धात उणा पडतो. पाठलाग वाढतात आणि बन्याचे कुतूहल मागे राहते. पुस्तकातील बन्या आधी प्रश्न विचारतो, मग धावतो. चित्रपटातील फेणे बहुधा आधीच धावत असतो.