गोष्ट पुरी होऊ द्या

ओवेन डेनिस यांच्या 'इन्फिनिटी ट्रेन' या अमेरिकी अॅनिमेशन मालिकेत एक न संपणारी आगगाडी आहे. तिच्यात आलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या तळहातावर हिरवा आकडा उमटतो. मनातली अढी सुटत जाईल तसा तो उतरतो आणि शून्यावर आला की परतीचे दार उघडते. पहिल्या पर्वातल्या ट्यूलिपचे आईवडील विभक्त झाले आहेत. एका भागात ती स्वतःच्याच आठवणींत शिरते आणि तिच्या लक्षात येते, की सुखाचे म्हणून जपलेले प्रसंग आपणच सोयीने रंगवले होते. तिथेही भांडणे होतीच. मुलांसाठीच्या मालिकेत इतके अवघड सत्य इतक्या हळुवारपणे क्वचितच आले असेल.

2019 मध्ये सुरू झालेली ही मालिका चार पर्वांवर थांबवली गेली. 2022 मध्ये तिची मालक वॉर्नर आणि डिस्कव्हरी या कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवरूनही काढून टाकण्यात आली. डिस्नेने 'द आऊल हाऊस' या मालिकेचे तिसरे पर्व तीन विशेष भागांत आटोपायला लावले. परग्रहावरच्या जीवसृष्टीचे अप्रतिम चित्रण करणारी 'स्कॅव्हेंजर्स रेन' 2023 मध्ये आली आणि एका पर्वातच संपली.

या मालिकांत कलेची उणीव नव्हती. अमेरिकेत बहुतेकदा पैसा, हक्क आणि प्रक्षेपण एकाच कंपनीच्या हाती असते. मालक बदलला, हिशेब बदलला, की चालू कामाचा गाशा गुंडाळला जातो. नवी मालिका नवे वर्गणीदार आणील अशी आशा असते. जुनीचे तिसरे पर्व मात्र निव्वळ खर्च वाटते.

जपानी अॅनिमेशनची, म्हणजे अॅनिमेची, घडी वेगळी आहे. प्रकाशक, संगीत कंपनी, खेळण्यांचा उत्पादक, वाहिनी असे अनेक जण 'निर्मिती समिती'त भांडवल घालतात, त्यामुळे जोखीम विभागली जाते. हल्ली बहुधा बारा-तेरा भागांचा आवाका आधीच ठरलेला असतो आणि तेवढे भाग सहसा पुरे होतात. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) लोकप्रिय असेल तर पुढचे पर्वही निघते.

तिथेही मालिका अकाली बंद पडल्या आहेत. 1979 ची 'मोबाईल सूट गुंडाम' प्रेक्षकसंख्या आणि खेळण्यांची विक्री कमी पडल्याने 43 भागांत आवरती घ्यावी लागली. पण ती नाहीशी झाली नाही. पुनःप्रक्षेपणातून तिला प्रेक्षक मिळाले, बांदाई कंपनीच्या प्लॅस्टिक प्रतिकृती तुफान खपल्या, 1981-82 मध्ये तीन चित्रपट आले. आज गुंडाम हे जपानी अॅनिमेशनमधल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे. काम लोकांसमोर राहिले, म्हणून त्याला दुसरा जन्म मिळाला. 'इन्फिनिटी ट्रेन'ला नेमकी हीच संधी नाकारली गेली.

म्हणून अॅनिमेची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे मात्र मुळीच नाही. समितीत अनेकदा चित्र काढणाऱ्या स्टुडिओचाच वाटा नसतो. चित्रामागे तुटपुंजे पैसे घेऊन रात्री जागवणारे तरुण चित्रकार या वैभवाची किंमत मोजतात. 2022 च्या 'चेनसॉ मॅन'चा सगळा खर्च माप्पा या स्टुडिओने स्वतः उचलला, तो अपवादच. शिवाय समितीला खपलेल्या मांगाचा आधार हवा असतो, त्यामुळे स्वतंत्र कल्पनेला वाव कमी मिळतो.

अशी स्वतंत्र कल्पना हेच अमेरिकी अॅनिमेशनचे बळ आहे. 2025 मध्ये 'के-पॉप डेमन हंटर्स' या चित्रपटाने जगभर प्रेक्षक मिळवले, त्याच्यामागेही लोकप्रिय मांगा नव्हता. पण चित्रपट पुरा झाल्यावरच पडद्यावर येतो. मालिकेला प्रेक्षकाकडून वर्षांची सोबत मागावी लागते. गोष्ट अर्ध्यात सुटणार हे अनुभवाने ठाऊक झालेला प्रेक्षक नव्या मालिकेत जीव गुंतवत नाही आणि अॅनिमेकडे वळतो.

यावरचे उपाय कंपन्यांच्या आवाक्यातले आहेत. मालिका स्वीकारतानाच तिची लांबी ठरवावी आणि शेवटापर्यंतचा पैसा बाजूला ठेवावा. आणि दाखवायची नसेल, तर तिचे हक्क निर्मात्याला परत द्यावेत. एवढे करारात आले, तर अमेरिकी अॅनिमेशनला अॅनिमेची भीती बाळगायचे कारण उरणार नाही.