ताशा, क्लॅरोनेट आणि बेलबाग चौक

जॅझ म्हटलं की पुणेकराला कोरेगाव पार्क आठवतं. बुधवार पेठेत जॅझ ऐकायला कुणी जात नाही, पण अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीत जॅझ तिथून चालत जातो. तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग हे मानाच्या पाच गणपतींतले तिघे याच पेठेतले, शिवाय दगडूशेठ आणि भाऊ रंगारी. एवढा मोठा संगीतमहोत्सव शहरात दुसरा नाही. फक्त त्याला कुणी महोत्सव म्हणून कान देत नाही.

मिरवणुकीत वाजणाऱ्या ब्रास बँडचं जॅझशी नातं जुनं आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये लष्करी बँडची वाद्यं कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आली आणि रस्त्यावरच्या मिरवणुकांत जॅझ घडत गेला. आपल्याकडे ही वाद्यं छावण्यांतून आली, जॅझची लय मात्र गोव्याच्या वादकांनी आणली. हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवता वाजवता सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात पोहोचला आणि १९५१च्या ‘अलबेला’त तर बँडसकट पडद्यावरही दिसला. पुणतांब्याच्या अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, चाली ब्रास बँडांनी लगोलग उचलल्या. म्हणजे लक्ष्मी रोडवरचा सॅक्सोफोन जॅझचा चुलत-चुलत भाऊ लागतो, भले वाजवणाऱ्याला ते ठाऊक नसो.

प्रभात किंवा दरबारसारख्या बँडचा चांगला वादक जवळून ऐकावा. क्लॅरोनेटवर एखादी भक्तिगीताची ओळ घेताना तो ओठाचा दाब जरा सैल करतो, सूर किंचित घसरतो आणि क्षणभर सनई ऐकल्याचा भास होतो. हे नोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. पण ही करामत दोन ओळींपुरतीच. पुढे ठरलेला अंतरा, ठरलेला ठेका, मग पुढचं गाणं. वादकाला चार आवर्तनं मोकळी सोडायची सोय बँडमध्ये उरलेली नाही. लोकांना ओळखीचं गाणं हवं असतं आणि मागच्या ढोल-ताशा पथकाच्या दणक्यात बारीक काम ऐकू तरी कुणाला येणार?

ढोल-ताशाचं दुखणं वेगळं. तिथे माणसं भरपूर आहेत. ज्ञानप्रबोधिनीने शाळेतल्या मुलांच्या हाती ढोल दिला, त्या वाटेने पुढे असंख्य पथकं निघाली. मुलीही कमरेला ढोल बांधून उतरल्या, हे फार चांगलं झालं. मात्र या सगळ्यात खरा कलावंत असतो ताशेवाला. बारीक काड्यांनी तो हात बदलतो, आडवा तुकडा घालतो, ढोलांना इशारा देतो. ढोलाने टिपरू आणि थापीतून त्याला उत्तर द्यायचं. हा सवाल-जवाब म्हणजे आपला देशी जॅझच. शंभर ढोल एकाच ठोक्यावर कोसळू लागले की सवाल विरून जातो आणि नुसता जवाब उरतो. पथकाची ताकद ढोलांच्या संख्येवर मोजायची खोड आपण प्रेक्षकांनीच लावली. मोबाईल उंचावून चित्रण करणाऱ्याला गर्दी दिसते, ताशाची काडी दिसत नाही.

२०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्यात आनंदीआनंद झाला. परंपरेवर गदा आली म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. पण लवादाचा विषय आवाजाचा होता, आणि कानाच्या दृष्टीने पाहिलं तर तीस जण पुष्कळ झाले. डीजेच्या भिंतींबद्दल इथे लिहीत नाही, तिथे वाजवणाराच नसतो.

त्यातल्या त्यात चौघडा तगून आहे. देवळाणकर बंधूंचा नगारा मिरवणुकीच्या अग्रभागी असतो आणि त्याच्यापुढे कुणी नसल्यामुळे तो ऐकूही येतो. बँड आणि ताशाला एवढीच जागा हवी आहे. बेलबाग चौकात रथ थांबला की एखाद्या मंडळाने पथकाला ढोल खाली ठेवायला सांगावं; दोन ताशे, एक क्लॅरोनेट, एक सॅक्सोफोन आणि दहा मिनिटं, गाणं कोणतं हे न ठरवता. मिरवणूक सुमारे तीस तास चालते, दहा मिनिटांनी पोलीसही रागावणार नाहीत.