‘गोड’ आवाजात काय काय असतं? ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ऐकताना

मागच्या लेखात आपण स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. थोडी उजळणी करून पुढे जाऊ. फुफ्फुसांतून येणारी हवा स्वरतंतूंमधून जाते आणि गाताना ते सेकंदाला शेकडो वेळा उघडतात, मिटतात. मिटताना झटकन आणि पूर्ण मिटले तर वरचे हार्मोनिक भरपूर तयार होतात, आवाज ठसठशीत लागतो. थोडी फट राहिली तर हवा निसटते, वरचे हार्मोनिक लवकर क्षीण होतात आणि सुरात श्वासाची सळसळ मिसळते.

आमच्या क्षेत्रात ही सळसळ बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच नोंदवली जाते. रुग्णाचा आवाज नुसता ऐकून गुण देण्याची एक पद्धत आहे, जीआरबीएएस. त्यातला ‘बी’ म्हणजे श्वासाळपणा. शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे बराच बिघाड. संगणकावर मोजायला गेलं तर हाच श्वास ‘नॉइज’ या रकान्यात जाऊन बसतो. आता गंमत बघा: निरोगी बायकांमध्येही स्वरतंतूंच्या मागच्या बाजूला छोटी फट राहणं अगदी सामान्य आहे. म्हणजे दवाखान्यात ज्याला आपण दोष म्हणतो, तो दवाखान्याबाहेर दोष असेलच असं नाही.

आज हे सगळं एका कारकिर्दीला लावून बघूया. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन. ऑस्ट्रेलियन गायिका आणि अभिनेत्री, जिच्याबद्दल समीक्षकांनी वर्षानुवर्षं एकच विशेषण वापरलं: गोड. माझं म्हणणं असं की हे विशेषण लावून टाकलं की नीट ऐकायचं राहून जातं. आणि तिचा अभिनय कुठे आहे, तेही त्यामुळे कळत नाही.

आजोबा भौतिकशास्त्रज्ञ

आधी थोडी ओळख, कारण विज्ञानवाल्यांना ती आवडेल. ऑलिव्हियाचा जन्म 1948 साली केंब्रिजचा. तिची आई आयरीन ही मॅक्स बॉर्न यांची मुलगी. हो, तेच बॉर्न. तरंगफलनाचा संभाव्यतेशी संबंध जोडणारे, त्यासाठी 1954 चं नोबेल मिळवणारे. नाझी राजवटीमुळे 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागल्यावर 1935-36 च्या हिवाळ्यात ते सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही राहून गेले होते. वडील ब्रिन वेल्सचे, युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये काम केलेले. 1954 मध्ये ते मेलबर्न विद्यापीठाच्या ऑर्मंड कॉलेजचे प्रमुख झाले आणि पाच वर्षांची ऑलिव्हिया ऑस्ट्रेलियात आली.

एवढ्या विद्वान घरातली ही मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जिंकली, बक्षीस म्हणून मिळालेल्या प्रवासावर इंग्लंडला गेली आणि गातच राहिली.

न ओरडणारा आवाज

1974 हे वर्ष बघा. त्या वर्षी ती ब्रिटनकडून युरोव्हिजन स्पर्धेत उतरली आणि ‘आब्बा’ जिंकलेल्या त्या स्पर्धेत चौथी आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला सर्वोत्कृष्ट गायिका ठरवलं. नॅशव्हिलमधले काही कलाकार यावर इतके चिडले, की त्यांनी वेगळी संघटनाच काढली. त्यांचा आक्षेप होता की हे कंट्री नाहीच, हे पॉप आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या वादात ती गाते कशी, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

त्याच वर्षीचं तिचं ‘आय ऑनेस्टली लव्ह यू’ ऐका. जेफ बॅरी आणि पीटर ॲलन यांची रचना. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं, ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालेलं. हे गाणं सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणून गायलेलं नाही, तोंडाजवळच्या मायक्रोफोनसाठी गायलेलं आहे. ओळीच्या शेवटी ती स्वरतंतूंवरची पकड सैल सोडते आणि सूर श्वासात विरतो. गाण्यातली बाई कबुली देते आहे आणि ती देताना धास्तावलीही आहे. ही धास्ती शब्दांत जेवढी आहे, त्याहून जास्त त्या निसटणाऱ्या हवेत आहे. पूर्ण मिटलेल्या, ठसठशीत आवाजात हेच गाणं दावा केल्यासारखं वाटलं असतं.

इथे एक खुलासा. हे मी कानानं सांगते आहे, यंत्रानं नाही. वाद्यं आणि प्रतिध्वनी मिसळलेल्या तयार रेकॉर्डिंगमधून एकट्या गळ्याचं मोजमाप विश्वासानं काढता येत नाही. त्यामुळे आलेख मागू नका, हेडफोन लावा.

‘ग्रीस’: बागेतली सँडी आणि काळ्या कपड्यांतली सँडी

आता चित्रपट. 1970 चा ‘टूमॉरो’ साफ पडला होता, म्हणून 1978 च्या ‘ग्रीस’च्या वेळी ती इतकी साशंक होती की तिनं स्वतःहून स्क्रीन टेस्ट मागितली. शूटिंगच्या वेळी वय 28, भूमिका शाळकरी मुलीची. मूळ नाटकातली सँडी अमेरिकन. चित्रपटात तिला ऑस्ट्रेलियन करून टाकलं, म्हणजे उच्चारांचा प्रश्न मिटला.

या चित्रपटावरचा नेहमीचा आक्षेप तुम्हाला माहीत असेल. साधी मुलगी शेवटी पोरासाठी घट्ट काळे कपडे घालते, हातात सिगारेट घेते, स्वतःला बदलते. पटकथेपुरता हा आक्षेप बरोबर आहे. डॅनीही तिच्यासाठी खेळाडूंचा स्वेटर घालून येतो खरा, पण तो तो लगेच काढून टाकतो. तिचे कपडे मात्र तसेच राहतात. हिशेब बरोबरीचा नाही.

पण गळा वेगळी गोष्ट सांगतो. ‘होपलेसली डिव्होटेड टू यू’ हे गाणं जॉन फॅरार यांनी लिहिलं आणि ते चित्रपटात अगदी उशिरा आलं. प्रसंग असा: मुली रात्री एकत्र जमल्या आहेत, रिझो सँडीची नक्कल करून टिंगल करते, आणि सँडी एकटीच बाहेर येते. सुरुवात खालच्या पट्टीत, श्वासाळ, जवळजवळ बोलल्यासारखी. ध्रुवपदाकडे जाताना मात्र स्वरतंतू घट्ट मिटायला लागतात, आवाज उजळतो, आणि वरच्या सुरांवर ती सरळ ताकद लावते. नाइटगाऊनमधल्या या मुलीकडे टणक आवाज आधीपासून आहे. फक्त तो ऐकायला तिथे कोणी नाही.

शेवटच्या ‘यू आर द वन दॅट आय वाँट’मध्ये ती हाच आवाज सर्वांसमोर काढते. शब्दांची सुरुवात धारदार, मिटणं घट्ट. कपडे नवे आहेत, गळा नवा नाही. म्हणून मला हा बदल पोरासाठी केलेल्या सोंगापेक्षा, बागेत एकटीनं केलेल्या सरावाचा जाहीर प्रयोग वाटतो. पटकथेनं हे लिहिलेलं नाही. ते गायिकेनं केलं आहे, आणि मी त्याला अभिनय म्हणते.

‘झॅनाडू’ का फसला

उलट उदाहरण हवंच. 1980 चा ‘झॅनाडू’. जीन केली यांचा हा शेवटचा कथापट. ऑलिव्हिया इथे ग्रीक कलादेवता, रोलर स्केट्सवर. समीक्षकांनी चित्रपट झोडपला आणि ते योग्यच होतं. पण गाणी गाजली: ‘मॅजिक’ अमेरिकेत चार आठवडे पहिलं, शीर्षकगीत ब्रिटनमध्ये पहिलं.

गाणी चांगली, चित्रपट वाईट, एवढं म्हणून सोडून देऊ नका. संवादांतून मनातलं काही दाखवण्याची ताकद तिच्यात मर्यादित होती. हे मान्य करायला हरकत नाही. ‘ग्रीस’मध्ये गाणं तिला मन देतं. ‘झॅनाडू’त ती बराच वेळ नुसती प्रकट होते आणि नाहीशी होते. तिला काय हवंय हे आपल्याला कळतं ते शेवटाकडे, झ्यूसपुढे विनवणी करताना ती ‘सस्पेंडेड इन टाइम’ गाते तेव्हा. तोवर फार उशीर झालेला असतो.

‘फिजिकल’ आणि नंतर

1981 चं ‘फिजिकल’ अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्यातला सूचक अर्थ काही रेडिओ केंद्रांना झेपला नाही. व्हिडिओनं मात्र सगळं जिममधल्या व्यायामावर नेलं आणि थट्टेनं धार बोथट केली. गळ्याच्या दृष्टीनं बघाल तर इथे श्वास कबुलीसाठी नाही, तालासाठी वापरलाय. यंत्राला दोन्हीकडे ‘नॉइज’च दिसेल.

1992 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला, तो पुढे परतला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये ती गेली. मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाचं कर्करोग केंद्र 2012 पासून उभं आहे. मृत्युलेखांत हसतमुख, लढवय्यी, गोड असे शब्द होते. सगळे प्रेमानंच लिहिलेले. पण कारागीर म्हणून तिची दखल त्यांत फारच कमी होती.

आपण आवाज मोजणारी माणसं रकाने आधी आखतो आणि मग त्यात माणसं बसवतो. रकाने लागतातच, त्याशिवाय निदान होणार नाही. पण ‘नॉइज’ लिहिताना एवढं विचारायला हवं: ही हवा निसटली आहे, की सोडली आहे? आधी 1974 चं गाणं ऐका, मग बागेतलं, मग काळ्या कपड्यांतलं. याच क्रमानं. पुढच्या लेखात हार्मोनिक प्रत्यक्ष मोजून बघू, या वेळी एकट्या गळ्याच्या रेकॉर्डिंगवर.