रस्त्याचें धोरण आणि काशीदची वाट

सरकारी धोरणांचे मसुदे चिकित्सक बुद्धीनें वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं. पण कादंबरी मिटून ठेवतां येते, धोरणांत मात्र आपणांस रोज रहावें लागतें. एवढ्या एका कारणासाठीं तरी त्यांचें परीक्षण व्हावयास हवें. २००६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण स्वीकारलें. त्यांतील मध्यवर्ती विचार असा कीं, रस्त्याची योजना वाहनांच्या सोयीसाठीं नव्हे, तर माणसांच्या सोयीसाठीं व्हावी. विचार दिसावयास साधा, पण त्याचा परिणाम दूरवर पोंचणारा आहे. भरलेल्या एका बसमध्यें पन्नास माणसें असतात, आणि उभी असतां ती फार तर तीन मोटारींची जागा अडविते. त्या तीन मोटारींत मिळून पुष्कळदां चार-पांचच माणसें बसलेलीं असतात. हा हिशेब एकदां मान्य केला म्हणजे बसला, सायकलीला आणि पायीं चालणाराला अग्रमान देणें ओघानेंच येतें. या दृष्टीनें हें धोरण आपल्या सरकारी कागदांत उठून दिसतें, यांत शंका नाहीं.

परंतु तत्त्वाची परीक्षा आचरणांत होते. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तेथें २००६ च्या अखेरीस कात्रज, स्वारगेट व हडपसर यांच्या दरम्यान बससाठीं स्वतंत्र मार्ग राखण्याचा प्रयोग सुरू झाला. २०१६ सालीं महापालिकेनें पादचाऱ्यांविषयींचें धोरण स्वीकारलें, २०१७ सालीं सायकलींचा आराखडा मंजूर केला, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांस बंद करून पादचारी दिनही साजरा केला. एवढें सगळें होऊनही त्या शहरांत आज राज्य चालतें तें मोटारसायकली व मोटारी यांचेंच. दोष कोठें राहिला? आमच्या मतें, बसच्या प्रवासाचाही आरंभ आणि शेवट पायींच होतो, या गोष्टीचा विसर पडला. बसचा मार्ग रस्त्याच्या मध्यावर, पण तेथपर्यंत जाणारी म्हातारी मात्र वाहनांच्या लोंढ्यांत. सायकलीची वाट आंखलेली, पण चौकापाशीं येऊन नाहींशी होणारी. अर्धवट वाक्याचा अर्थ लागत नाहीं, तसेंच हें.

तथापि या धोरणांतील सर्वांत मोठी उणीव पुण्यास दिसत नाहीं. ती पाहण्यासाठीं काशीदला जावें लागतें. अलिबागहून रेवदंड्यास यावें, कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, बोर्ली हीं गांवें मागें टाकावीं, म्हणजे सुरूच्या झाडांआडून ती प्रसिद्ध पांढरी पुळण दिसूं लागते. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास फणसाडच्या अभयारण्याकडे चढत जाणारे डोंगर, आणि मधून मुरुडकडे जाणारा हा रस्ता. सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याच्या मोटारी त्याच्या कडेनें रांगा लावून उभ्या राहतात. मग बाजारहाट करून परतणाऱ्या बायकांनीं, एस. टी. ची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांनीं आणि लहान मुलांनीं चालावयाचें कोठून? उरलेल्या डांबरावरून, म्हणजे धांवत्या मोटारींच्या वाटेंतूनच. २०२१ च्या जुलैंत अतिवृष्टीनें काशीदजवळचा जुना पूल कोसळून एका माणसाचा प्राण गेला आणि अलिबाग-मुरुड रहदारी तुटली. तेव्हां हा रस्ता किनाऱ्याच्या गांवांस किती आधाराचा आहे, हें पुरतेपणीं कळून आलें.

अशा रस्त्याविषयीं राष्ट्रीय धोरणाकडे उत्तर मागावें, तर तें नावानेंच नागरी. आणि काशीद हें खेडें! पदपथावर निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, मोकळी वाट असावी, असें इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ च्या मार्गदर्शिकेंत सांगितलें. येथें सहा बोटें वाट मोकळी मिळाली तरी नशीब. सुटीला शहर काशीदला येतें, शहराची गर्दी येते, शहराचा कचराही येतो. शहराचा पदपथ मात्र येत नाहीं. समुद्रमार्गाचीही तीच कथा. गेट वेहून मांडव्यास येणारी लाँच माणसें आणते, आणि तीं धक्क्यावरून बसनें अलिबागेस जातात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीही वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली. सोय मोठी झाली खरी; पण माणसें हलवावींत, वाहनें नव्हेत, या कसोटीवर जुनी लाँचच अधिक उतरते.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्यांवर गांवाचें पोट आहे. मोटारी अडविल्या तर तें उपाशी राहील. आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. पण याच रायगड जिल्ह्यांत माथेरान आहे. तेथें प्रवाशाची मोटार दस्तुरीपाशीं थांबते, १९०७ सालची छोटी आगगाडी वर जाते, आणि तरीही पाहुण्यांची रीघ लागलेली असते. मात्र माथेरानचें गुणगान करतांना एक गोष्ट लपवूं नये. तेथें माणूस माणसाला हातरिक्षांत बसवून ओढीत असे. ही प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास ऑगस्ट २०२५ मध्यें द्यावा लागला. मोटार नाहीं एवढ्यानेंच रस्ता माणुसकीचा होत नाहीं. त्यावरील सर्वांत दुबळ्याची किंमत काय धरली जाते, हाच खरा निकष.

त्या निकषानें पाहतां काशीदची गरज कांहीं अवाढव्य नाहीं. मोटारी वस्तीच्या बाहेर एका ठरल्या जागीं उभ्या कराव्या, तेथून पुळणीपर्यंत सावलीची पायवाट असावी, वस्तीपाशीं मोटारींस वेग आवरणें भाग पडावें, आणि सुटीच्या दिवशीं एस. टी. च्या फेऱ्या वाढाव्या. रस्ता रुंद करणें हें उत्तर नव्हे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें जागा मोजकीच आहे, आणि रुंद केलेली जागा मोटारीच भरून काढतील. धोरणकर्त्यांनीं आपल्या लेखनांतून ‘नागरी’ हा एक शब्द खोडला, तरी पहिलें पाऊल पडेल. रस्त्यावरून चालणारा माणूस शहरांत आणि खेड्यांत एकच असतो.